फुकट पेल्याची बक्षिसी

सागरी सहलीच्या जहाजांवर ‘पेये विनामूल्य’ अशी भेट उतारूंना देण्याची अलीकडे चाल आहे. मात्र त्याच पेयांच्या छापील दरावर शेकडा १८ ते २० बक्षिसी आगाऊ भरून घेतात! १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे १२२ वे कलम दान म्हणजे स्वेच्छेने, मोबदल्यावाचून केलेले हस्तांतरण, असे सांगते. येथे दानाला मोबदला आहे आणि बक्षिसीला सक्ती. आपल्या देवळांतली दक्षिणासुद्धा यथाशक्ति असते. महाप्रसादाच्या पंक्तीत कोणी शेकडेवारी मांडीत नाही.

उपाहारगृहांनी बिलात सेवाशुल्क आपोआप चढवू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये बजावले, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठाने ते उचलून धरले. परदेशी ध्वजाच्या जहाजावर त्याचा आधार कितीसा मिळणार?

खासबागेतील एका स्नेह्यांनी, ‘ही रक्कम नाकारू काय?’ असे विचारले, तेव्हा आम्ही थबकलो. अशा जहाजांवर तबक घेऊन उभा असलेला पोर पुष्कळदा गोव्याचा असतो, आणि त्याच्या मिळकतीचा मोठा वाटा बक्षिसीचाच. आमच्या खासबागेत लुगडे फुकट आणि विणकराची मजुरी तेवढी गिऱ्हाइकाकडून वेगळी, असा सौदा कोणी केल्याचे ऐकिवात नाही. जहाजाचा मालक नेमके तेच करतो आणि वर दाता म्हणवून घेतो.

रक्कम भरावी, असेच आम्ही सांगितले. स्नेही माळकरी, त्या पेल्यांत कोकमाचे सरबत मिळेल काय, एवढीच त्यांची पृच्छा उरली आहे.