सातपुड्यातील रानपिंगळा आणि घरातील ज्येष्ठ

पिंगळी हे परभणी जिल्ह्यातील सपाट, काळ्या मातीचे गाव. येथे डोंगर नाही, अरण्य नाही. पण तिन्हीसांजेला झाडाच्या ढोलीतून चिरकणारा पिंगळा आपण लहानपणापासून ऐकत आला असाल. गावाच्या नावाशी त्याचे नाते जोडण्याचा मोह आवरतो. त्याचा दुर्मीळ भाऊबंद रानपिंगळा मात्र सातपुड्यात राहतो, आणि त्याच्या दर्शनाला वयाची आडकाठी नाही. अशा सहलीत आजीआजोबांना “आपण खोलीवरच आराम करा” असे सांगण्याची रीत पडली आहे, म्हणून हे मुद्दाम लिहावे लागते.

१८८४ नंतर हा पक्षी तब्बल ११३ वर्षे अभ्यासकांच्या हाती लागला नव्हता. तो नामशेष झाला, असेच मानत. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ दिसला. पुढे मेळघाटातही आढळला. घुबडांच्या कुळातला असूनही तो दिवसा वावरतो. त्यामुळे जागरण नको, अंधारात ठेचकाळणे नको. साग निष्पर्ण झाला की उघड्या फांदीवर तो सहज नजरेत भरतो. माथ्यावर पांढरे ठिपके दाट असतील तर तो आपला नेहमीचा पिंगळा. माथा जवळजवळ कोरा तपकिरी असेल तर रानपिंगळा.

पिंगळीहून पूर्णा, हिंगोली, वाशीममार्गे अकोल्यापर्यंत रेल्वे आहे. तेथून मोटारीने परतवाडा, आणि मग घाटाने सिपना नदीकाठचे सेमाडोह. जंगलातील गाडीत मागचे आसन ज्येष्ठांना देऊ नये; धक्के तेथेच अधिक बसतात. लघवी वाढवणारी गोळी चालू असल्यास तिची वेळ निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्यावी, परस्पर बंद करू नये. हृदयविकार असल्यास थंडीच्या दिवसांत ऊन वर आल्यावरच बाहेर पडावे.

वयोमानाने बारीक, उंच पट्टीचे आवाज कानांना आधी दुरावतात. त्यामुळे नातवाला ऐकू येणारी एखादी शीळ आपणांस ऐकू आली नाही, तर खंत नको. भारद्वाजाचा घुमणारा हुंकार मात्र बहुधा स्पष्ट ऐकू येईल. दुर्बीण आठपटीची पुरे. अधिक शक्तीची घेतली तर हाताचा कंप चित्रातही वाढतो. कोपरे गाडीच्या कठड्यावर टेकवावीत.

आणि सोबत असणाऱ्यांनो, पक्षी दिसताच दुर्बीण प्रथम ज्येष्ठांच्या हाती द्या. त्यांना नेमकी फांदी सापडायला थोडा अधिक वेळ लागतो, आणि पक्षी काही थांबून राहत नाही.