विमानाला घर ठाऊक नसतं

संध्याकाळी गोठ्याकडे वळलेल्या गुरांची चाल आपोआप वाढते. लांबच्या प्रवासातून परतणाऱ्या वैमानिकाचंही शेवटच्या दिवशी तसंच होतं. फरक एवढाच, की विमानाला घर ठाऊक नसतं. आमचं क्लबचं सेसना १७२ परतीच्या दिवशीही ताशी सुमारे २१० किलोमीटरच जातं आणि तासाला ३५ लिटर पेट्रोल पितं. समोरून येणारा वाराही तुम्ही घरी निघालात की घरून निघालात, याची चौकशी करत नाही.

यंदा पार अटलांटिकचा किनारा गाठून आम्ही दोघं परतत होतो. शेवटची रात्र ॲरिझोनातल्या किंगमनला काढली. तिथून कॅलिफोर्नियातलं लिव्हरमोर, म्हणजे घर. या विमानातल्या इंधनाचे नमुने १३ ठिकाणांहून काढायचे असतात: दोन्ही पंखांखाली पाच-पाच आणि इंजिनाच्या पोटाशी तीन. पारदर्शक पेल्यात थोडं इंधन घेऊन उजेडाकडे धरायचं. पेट्रोल फिकं निळं दिसतं. पाणी असलं तर तळाशी बिनरंगाचा थेंब वेगळा बसतो. वाळवंटात कुठलं आलंय पाणी, असं त्या सकाळी हटकून मनात येतं. पण पाणी वाळवंटातून येत नाही. ते पंपातून येतं, टाकीच्या झाकणाच्या जुन्या रबरातून झिरपतं. म्हणून तेराच्या तेरा नमुने पाहायचे, पहिल्या दिवशी पाहिले तसेच.

"अरे, मध्ये उतरायलाच नको ना आज?" बायकोनं बॅगा चढवता चढवता विचारलं.

कागदावर नको होतं. दोन्ही टाक्या भरल्या की वापरता येण्याजोगं इंधन २०० लिटर, म्हणजे साडेपाच तासांहून थोडं जास्त. वळसे आणि समोरचा वारा धरून उड्डाण पावणेपाच तासांचं. दिवसा अर्ध्या तासाचं इंधन शिल्लक ठेवा, असा नियम आहे. मी तासाभराचं ठेवतो. हिशोब जेमतेम बसत होता, आणि जेमतेम बसणारा हिशोब शेवटच्या दिवशी फार गोड लागतो. मी नकाशावर बेकर्सफील्डभोवती गोल काढला. "इथे उतरायचं. इंधन कितीही उरलेलं असो." हा निर्णय जमिनीवर, सकाळी, चहा पोटात असताना घ्यायचा असतो. दुपारी घर दीड-दोन तासांवर आलं, की आकडे आपल्याच बाजूनं बोलू लागतात.

बार्स्टोच्या पुढे एडवर्ड्स या हवाई दलाच्या तळाचं आकाश आमच्यासारख्यांना सहसा बंद असतं. दक्षिणेकडून वळसा घालून मोहावेच्या बाजूला यायचं. याच मोहावेत 'व्हॉयेजर' तयार झालं. १४ डिसेंबर १९८६ ला डिक रुटान आणि जीना येगर एडवर्ड्सहून त्या विमानात निघाले, कुठेही न थांबता, इंधन न भरता पृथ्वीला फेरा घालून २३ डिसेंबरला तिथेच उतरले. अख्खं जग मागे टाकल्यावर, शेवटच्या टप्प्यात, बाहा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ त्यांचं मागचं इंजिन बंद पडलं. टाक्यांमध्ये इंधन होतं, इंजिनापर्यंत पोचत नव्हतं. खाली येत असलेल्या विमानात त्यांनी बंद ठेवलेलं पुढचं इंजिन चालू केलं आणि निभावलं. सुरुवातीच्या तीन टनांहून अधिक इंधनातलं उतरताना पन्नास किलोही उरलं नव्हतं. घर जवळ आलं म्हणून त्या नळीतून इंधन जास्त वाहिलं नाही.

मोहावेनंतर तेहाचापीची खिंड लागते. तिच्या उतारांवर शेकडो पवनचक्क्या उभ्या आहेत आणि वैमानिकाला त्या फुकटात वारा सांगतात: पाती कुठे तोंड करून आहेत, किती जोरानं फिरताहेत. त्या दिवशी सगळ्यांची तोंडं पश्चिमेला, आम्ही जाणार होतो तिकडेच. म्हणजे डोंगर ओलांडून येणारा वारा आमच्या अंगावर खाली कोसळणार. अशा वेळी उंची आधीच, सपाटीवर घिरट्या घालून कमवायची. डोंगराच्या भरवशावर राहायचं नाही. कड्याकडे सरळ न जाता तिरकं, ४५ अंशांत जायचं, म्हणजे बेत फसला तर थोडंसंच वळून माघारी फिरता येतं. आमची उंची एकदा दोनेकशे फुटांनी घसरली, बायकोनं डॅशबोर्ड धरला, आणि मग खिंड पार झाली. पलीकडे सगळी सपाट शेती.

बेकर्सफील्डला उतरलो तेव्हा इंधन भरपूर होतं. पंपावर उभं असताना 'उगाच उतरलो' ही रुखरुख वाटलीच. अशी रुखरुख मी शुभशकुन मानतो. योग्य निर्णयांपैकी बरेचसे मागाहून अनावश्यकच दिसतात.

लिव्हरमोरला विमान दोरांनी बांधलं, टाक्या पुन्हा काठोकाठ भरल्या. उजवा ब्रेक जरा मऊ लागत होता, ते क्लबच्या वहीत लिहिलं. उद्या सकाळी सातला कुणीतरी याच विमानात आपल्या पहिल्याच धड्याला बसणार होतं.