एका डोलकाठीचे गलबत

मोठ्या जहाजांचे कौतुक सगळेच करतात. तीन डोलकाठ्या, फुगलेली शिडे, दोन्ही बाजूंना तोफांच्या रांगा! चित्रकार तेच काढतात आणि सिनेमावालेही तेच दाखवतात. माझा जीव मात्र स्लूपवर जडला आहे. 'सी ऑफ थीव्ज' नावाचा चाचेगिरीचा एक खेळ आहे. इंग्लंडमधील 'रेअर' या कंपनीने तो मार्च २०१८ मध्ये बाजारात आणला. जगाच्या कानाकोपऱ्यांतली माणसे आपापल्या घरी बसून त्यातल्या एकाच समुद्रावर फिरतात. चार जणांसाठी गॅलियन, तिघांसाठी ब्रिगंटाइन आणि एकट्यादुकट्यासाठी स्लूप. एक डोलकाठी, एक शीड, दोन बाजूंना मिळून दोनच तोफा. संपली श्रीमंती!

पण या पोरीचे गुण ऐका. वारा पाठीशी असला की गॅलियन तिला मागे टाकते. तोच वारा समोरून आला की मोठी जहाजे रखडतात आणि स्लूप पुढे सटकते. पळून जायचे तर वाऱ्याकडे तोंड करा, हे इथले पहिले शहाणपण. दुसरे शहाणपण पाण्याचे. तोफगोळा लागून तळाला भोक पडले की एकाने फळी ठोकायची आणि दुसऱ्याने बादलीने पाणी उपसायचे.  

खऱ्या इतिहासातही चाच्यांची मदार या लहान जहाजांवरच होती. उथळ खाडीत शिरावे, दबा धरावा, पसार व्हावे, हे अवजड जहाजाचे काम नव्हे. ब्लॅकबिअर्ड हा दाढीवाला चाचा २२ नोव्हेंबर १७१८ रोजी अमेरिकेतील ओक्राकोक बेटापाशी मारला गेला. तेव्हा त्याचे 'अॅडव्हेंचर' हे जहाज स्लूप होते आणि त्याच्यावर चालून गेलेल्या लेफ्टनंट मेनार्डची दोन्ही जहाजेही स्लूपच, तीही तोफांविना. त्याच सुमारास आपल्या किनाऱ्यावर कान्होजी आंग्रे लहान लहान गलबतांनी परक्यांच्या मोठ्या जहाजांना हैराण करीत होते. इंग्रज त्यांना चाचा म्हणत, आम्ही सरखेल म्हणतो. कोण कोणाच्या किनाऱ्यावर उभे राहून बोलतो, त्यावर ही नावे ठरतात!

हा खेळ मला लावला दादाने. नोकरीसाठी तो पुण्याला गेला, तेव्हा त्याचा जुना संगणक माझ्या वाट्याला आला. रोज रात्री दहाला आम्ही स्लूपवर भेटायचो. फोनवर दादा म्हणजे तीन शब्दांचा माणूस. "जेवलो. बरंय. ठेवतो." तोच स्लूपवर भरभरून बोलायचा. हात गुंतलेले असले आणि एकमेकांचे तोंड दिसत नसले की माणसाची जीभ सैल होत असावी. देवघरापेक्षा न्हाणीघरात माणसे अधिक मोकळेपणी गातात, तसेच काहीसे.

एकदा एका गॅलियनने आम्हाला गाठले. मी तळात पाणी उपसत होते, दादा फळ्या ठोकत होता. मध्येच तो म्हणाला, "चिमे, मला कामावरून कमी केलंय. तीन महिने झाले. घरी बोलू नकोस."

मी बादली थांबवली नाही. थांबवली असती तर तोही थांबला असता. "पैशांचं काय?" मी विचारले.

"आहेत थोडे. तू उपस, पाणी चढतंय."

पुढचा अर्धा तास तो बोलत राहिला. सकाळी डबा घेऊन खोलीबाहेर पडणे, बागेत बसून अर्ज लिहिणे, आईचा फोन आला की गर्दीच्या रस्त्यावर जाऊन बोलणे, म्हणजे कचेरीतून निघाल्यासारखे वाटावे. मग जहाज बुडाले. आम्ही दोघे त्या खेळातल्या भुतांच्या नावेवर उभे राहिलो. मेलेले खलाशी तिथे दार उघडण्याची वाट पाहतात आणि दार उघडले की पुन्हा जिवंत होतात. दार उघडले, तरी दादा बराच वेळ तिथेच उभा होता.

मी घरी काही बोलले नाही. गणपतीला तो आला, तेव्हा त्याने स्वतःच बाबांना सांगितले. बाबा काही न बोलता बंदरावर निघून गेले. रात्री परत आले ते त्याच्यासाठी बर्फाच्या कारखान्यात हिशेबनिसाचे काम विचारूनच. नवा संगणक दादाने पुण्यातच विकून टाकला होता. त्यामुळे आता घरात एकच यंत्र. तो सुकाणू धरतो, मी शेजारी बसून नकाशा सांगते, आणि मागे खाटेवर आजोबा. त्यांची उमेद शिडाच्या मचव्यावर गेली. समोरच्या वाऱ्यात आमची स्लूप नाकासमोर चाललेली पाहून ते खवळले.

"वाऱ्याच्या तोंडात सरळ जाणारं तारू मी जन्मात पाहिलं नाही! तिरकं घे. मग उलट तिरकं."

"आजोबा, या खेळात सरळ जाता येतं."

"तुझ्या खेळाला वारा ठाऊक नाही. घे तिरकं!"

दादाने खरोखरच सुकाणू वळवले. डावीकडे, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे. बेट गाठायला दुप्पट वेळ लागला. आजोबा प्रत्येक वळणाला "आता" म्हणत होते.