चमकणाऱ्या पाण्याकडे जाण्यापूर्वी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे इतिहासविषयक लेख मागितला, तेव्हा आमच्या टेबलावर पंचांग, भरती-ओहोटीचे वेळापत्रक आणि पालकांच्या संमतिपत्रांचा गठ्ठा होता. येत्या मार्गशीर्षात इयत्ता नववीच्या वीस विद्यार्थ्यांना बाणकोटच्या खाडीमुखाजवळ रात्री कयाकमधून चमकणारे पाणी पाहावयास नेण्याची ही तयारी चालू आहे. तेव्हा हा लेख इतिहासाचा की सहलीचा, हे वाचकांनीच ठरवावे.

पावसाळा सरल्यावर, विशेषतः नोव्हेंबर-डिसेंबरात, कोकण किनाऱ्यावर काही रात्री लाटा निळ्या उजळतात. नोव्हेंबर २०२० मध्ये मुंबईच्या जुहू किनाऱ्यावरही हे दृश्य दिसले आणि त्याची छायाचित्रे सर्वत्र फिरली. आमच्या मुलांनी हट्ट धरला तो अशाच छायाचित्रांवरून. या उजेडामागे बहुधा नॉक्टिल्युका सिंटिलान्स नावाचा एकपेशीय जीव असतो. आकाराने साधारण मोहरीच्या दाण्याहूनही लहान. पाणी ढवळले, वल्हे पडले, मासा सळसळला, की त्याच्या पेशीतील ल्युसिफेरिन हे द्रव्य ल्युसिफरेज या विकराच्या साहाय्याने प्राणवायूशी संयोग पावते आणि क्षणाच्याही अंशापुरता प्रकाश पडतो. त्यात उष्णता जवळजवळ नसते. म्हणूनच यंत्राच्या बोटीपेक्षा कयाक बरी. तिला आवाज नाही, दिवा नाही, आणि आपल्याच वल्ह्याने उजेड उमटतो. एक गोष्ट मात्र मुलांना आधीच सांगून ठेवली आहे. हा जीव अतोनात वाढला की पाण्यातील प्राणवायू घटतो व मासळीला धोका होतो. शहरांचे सांडपाणी या वाढीला खतपाणी घालते. सुंदर दिसते ते सारे शुभच असते असे नाही. शिवाय ठरलेल्या रात्री काहीच न चमकण्याचाही संभव आहे.

तिथी ठरवताना खरा वाद झाला. अंधार हवा, तर अमावास्येलाच जाऊ, असा मुलांचा आग्रह. त्यामागे विज्ञान थोडे आणि ईर्षा अधिक होती. एका विद्यार्थिनीच्या आजींचा दूरध्वनी आला : "जय भीम सर. अवसेच्या राती पोरीला पाण्यावर नेता म्हणे?" या आजींच्या घरी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा चौकटीत लावलेल्या आहेत, आणि त्या त्यांना तोंडपाठ आहेत. अवसेचे भय तरीही गेलेले नाही. आम्हांला त्याचे हसू आले नाही. भय हे प्रतिज्ञेपेक्षा जुने असते आणि सावकाश उतरते.

मग खाडीकाठच्या एका वयस्क होडीवाल्यांना विचारले. त्यांनीही अमावास्या नको म्हणून सांगितले. पण भुताखेतांचे कारण देऊन नव्हे, उधाणाचे देऊन. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य व चंद्र एका रेषेत ओढतात, भरती मोठी येते, आणि ओहोटी लागली की खाडीमुखातील ओढ नवशिक्यांच्या हातात राहत नाही. अष्टमीच्या पुढे-मागे भांगाची भरती असते, तेव्हा पाणी संथ. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची सुमारे वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब त्यांनी मुलांकडूनच करवून घेतला. कृष्ण दशमी, म्हणजे दहाची पाऊणपट साडेसात. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, साडेसातला भरती पूर्ण होते, आणि दशमीचा चंद्र मध्यरात्र उलटल्यावरच उगवतो. अंधारही मिळाला आणि संथ पाणीही. कोणत्याही शाळेची पायरी न चढता निसर्गाचे इतके नेमके गणित बाळगणारा हा माणूस आमच्या मते उत्तम शिक्षक आहे.

तरी एका मुलाने विचारलेच : "सर, अमावास्या टाळली म्हणजे आपण अंधश्रद्धेपुढे हरलो का?" आम्ही त्याला वंदनेतील 'एहिपस्सिको' या शब्दाची आठवण दिली. या आणि पाहा, असे धम्म सांगतो. डोळे मिटून उलटे करा, असे सांगत नाही. ज्याचे कारण तपासता येते तो नियम पाळावा. तो मुलगा गप्प झाला. त्याचे समाधान झाले असे मात्र आम्हांला वाटत नाही.

आजींच्या भयाकडे पुन्हा वळणे भाग आहे, कारण ते केवळ अवसेचे नव्हते. वीस विद्यार्थ्यांपैकी किती जणांना पोहता येते, याची नोंद घेतली तेव्हा तीन हात वर आले. आमचाही हात खालीच होता. गावोगावी मुले पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत पोहावयास शिकत. थोरला भाऊ धाकट्याला ढकलून देई, चुलता काठावर उभा राही. पोहणे असे घराण्यात उतरते. ज्यांना त्या विहिरीच्या काठावर पाय ठेवण्याची मुभा नव्हती, घागर पुढे करून वरून कोणी पाणी ओतील याची वाट पाहावी लागे, त्यांच्या घराण्यात काय उतरले? पाण्याचे भय उतरले. नदीकाठच्या गावांत अपवाद असतील. पण तेथेही आपला पाणवठा प्रवाहाच्या खालच्या अंगाला. पाणी पिण्याच्या हक्काचा इतिहास आम्ही दरवर्षी शिकवतो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पुढे सनातन्यांनी १०८ घागरींनी तळे 'शुद्ध' केले. खटल्याचा अखेरचा निकाल उच्च न्यायालयात मार्च १९३७ मध्ये लागला. दहा वर्षे एका ओंजळीसाठी. परंतु पाण्यात निर्भयपणे उतरणे, पाण्यावर हौसेने रात्र काढणे, हा धडा कोणत्याच पाठ्यपुस्तकात नाही.

बाणकोट निवडण्याचे कारणही येथेच सांगतो. डिसेंबर १९२७ च्या दुसऱ्या महाड परिषदेसाठी बाबासाहेब २४ तारखेला आपल्या सहकाऱ्यांसह 'पद्मावती' बोटीने मुंबईहून निघाले. धरमतरचा मार्ग जवळचा होता. पण तेथून पुढे मोटारवाल्यांनी बहिष्कार घातला तर काय, म्हणून दासगाव बंदराचा लांबचा मार्ग पत्करला गेला. दासगावहून महाड पाच मैल. पायी जाता येते. २५ तारखेला दुपारी बोट दासगावला लागली आणि त्याच रात्री महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. मुंबईहून दासगावला जाणारी बोट सावित्रीच्या मुखातून, म्हणजे बाणकोटच्याच खाडीतून आत शिरते. मुलांनी पंचांगाचा नाद लागल्यावर १९२७ चीही तिथी काढली. अमावास्या २४ डिसेंबरला सकाळीच संपली होती. म्हणजे ती रात्र सबंध बिनचंद्राची. मोसमही हाच. "मग बाबासाहेबांना चमकणारे पाणी दिसले असेल?" असा प्रश्न लगेच आला. इतिहासाच्या शिक्षकाने पुराव्याच्या पुढे एक पाऊलही टाकू नये, असे उत्तर आम्ही दिले. काळोखी रात्र, डिसेंबरचा समुद्र आणि बोट, एवढे सिद्ध आहे. उरलेले त्यांनी मनात काय जोडले, ते आम्ही विचारले नाही.

आता तयारीविषयी थोडेसे. तालुक्याच्या जलतरण तलावावर सहा रविवार मुले-मुली पोहावयास शिकत आहेत. पन्नाशी उलटलेले दोन शिक्षकही त्यांत आहेत. पहिल्या रविवारी काठाची पट्टी न सोडणाऱ्या मुली चौथ्या रविवारी पाण्यावर उताणे तरंगू लागल्या. प्रत्येक कयाकमध्ये दोघे, जीवरक्षक जॅकेट सर्वांना, मुलींबरोबर शिक्षिका, पुढे-मागे होडीवाल्यांच्या दोन होड्या. भरतीच्या तासाभरातच काठावर परतायचे. भ्रमणध्वनी काठावरच राहतील. अंधाराला डोळे सरावण्यास वीस-पंचवीस मिनिटे लागतात आणि एका पडद्याच्या उजेडाने ती सारी वाया जातात. वारा वाढला तर बेत रद्द, यावर चर्चा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दासगाव बंदरापासून महाडपर्यंत पायी जावयाचे आहे. आजींनी संमतिपत्रावर सही केली ती नात पोहताना पाहिल्यानंतरच. खाडीत आपण उतरणार नाही, असे त्यांनी बजावले आहे. दासगावहून मात्र चालणार आहेत. त्यांच्यामागून आणखी सहा पालकांनी नावे दिली. पाच मैलांत पाणी कोठे कोठे मिळेल, याची विचारणा सध्या आम्ही करीत आहोत.