नसलेल्या देशाचा नकाशा

आपल्या शाळेचे वार्तापत्र आमच्या घरी तीन पिढ्या वाचतात. म्हणून लिहायला बसलो तेव्हा तिघांनाही चालेल असा विषय शोधला. विषय आहे भूगोल. पण पृथ्वीच्या पाठीवर कुठेच नसलेल्या एका देशाचा!

या देशाचे नाव मिडल-अर्थ. ऑक्सफर्ड विद्यापीठातील भाषांचे प्राध्यापक जे. आर. आर. टॉल्किन (१८९२-१९७३) यांनी तो कल्पनेने उभा केला. त्यांचे 'द हॉबिट' १९३७ साली आले आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५ मध्ये तीन भागांत आले. त्यावरचे, न्यूझीलंडमध्ये चित्रित झालेले तीन चित्रपट २००१ ते २००३ या काळात आले. ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील.

माझा नातू आता नववीत आहे. सातवीत असल्यापासून त्याला या देशातल्या नद्या, डोंगर, खिंडी तोंडपाठ. सूनबाईंची तक्रार अशी की, "बाबा, नर्मदा कुठे उगम पावते विचारलं तर हा छताकडे बघतो, आणि त्या खोट्या देशाच्या नद्या घडाघडा सांगतो. तुम्हीच काहीतरी बोला त्याला." अशी तक्रार पुष्कळ घरांत असणार. पण माझी सारी नोकरी पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून झाली. नकाशा न तपासता त्यावर मत देणे आमच्या धंद्यात बसत नाही. मी नातवाकडून पुस्तक मागून घेतले, भिंग काढले आणि हाताखालच्या नव्या मुलाचे काम तपासावे तसा तो नकाशा तपासला.

पहिली परीक्षा नदीची. हौसेने काढलेल्या काल्पनिक नकाशात नदी डोंगर ओलांडून जाते किंवा मध्येच दुभंगून दोन समुद्रांना मिळते. इथे तसे नाही. अँडुइन ही इथली मोठी नदी उत्तरेकडून निघते, धुक्याच्या पर्वतांना उजव्या हाताला ठेवून दक्षिणेला वाहते, वाटेत उपनद्या घेते, रॉरॉसच्या धबधब्यावरून खाली उतरते आणि मुखाशी त्रिभुज प्रदेश करून समुद्राला मिळते. पाणी उताराकडेच जाते. नदी पास!

दुसरी परीक्षा अंतराची. कॅरन विन फोनस्टॅड या भूगोलाच्या अभ्यासक बाईंनी १९८१ साली या देशाचा चक्क ॲटलास प्रसिद्ध केला. त्यांच्या मोजणीप्रमाणे नायक फ्रोडोच्या घरापासून रिव्हेंडेलपर्यंतची वाट ४५८ मैलांची, म्हणजे सुमारे ७३७ किलोमीटर. तो २३ सप्टेंबरला निघतो आणि २० ऑक्टोबरला पोहोचतो. हिशेब करा, रोज साधारण २६ किलोमीटर पडतात. पायी चालणाऱ्याला पटेल असाच हा आकडा आहे.

तिसरी परीक्षा आकाशाची. मे १९४४ मध्ये टॉल्किन यांनी आपल्या मुलाला पत्रातून कळवले की, कथेतला चंद्र घोटाळा करतो आहे. देशाच्या एका भागात तो उगवतो आणि त्याच वेळी दुसऱ्या भागात मावळतो. वाचकांपैकी कितीजणांच्या हे लक्षात आले असते? तरी त्यांनी लिहिलेली प्रकरणे दुरुस्त केली.

चौथा प्रश्न माझ्या नातवानेच मला घातला. "आजोबा, मॉर्डोर म्हणजे राख आणि दगड. मग तिथलं एवढं मोठं सैन्य खातं काय?" मला उत्तर येईना, तेव्हा त्यानेच पान काढून दाखवले. दक्षिणेला नुर्नेन नावाचे मोठे सरोवर आहे आणि त्याच्या काठी गुलामांकडून शेती करून घेतात. लेखकाने धान्याचीसुद्धा सोय लावली आहे!

दोष नाहीत असे नाही. मॉर्डोरच्या भोवतीच्या पर्वतरांगा जवळजवळ काटकोनात वळतात. निसर्गात डोंगर असे पट्टी लावून वळत नाहीत, अशी टीका भूशास्त्राच्या जाणकारांनी केली आहे आणि ती मला योग्य वाटते.

हे सारे इतके जमले कसे? टॉल्किन यांनीच लिहून ठेवले आहे की, त्यांनी आधी नकाशा केला आणि गोष्ट त्यात बसवली. छापलेले नकाशे त्यांचे चिरंजीव ख्रिस्तोफर यांनी काढले. हॉबिटनचे अक्षांश ऑक्सफर्डचे धरले आणि मिनास तिरिथ हे शहर तिथून सहाशे मैल दक्षिणेला, इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या अक्षांशावर ठेवले. धुक्याचे पर्वत ओलांडण्याचे वर्णन १९११ साली स्वित्झर्लंडच्या डोंगरांत केलेल्या पायी भटकंतीवरून आले. थोडक्यात, देश खोटा असला तरी तो खऱ्या भूगोलाच्या आधाराने उभा आहे.

नावांचेही तसेच. तिथल्या एका नदीचे मूळ नाव बारांडुइन, म्हणजे सोनेरी-तपकिरी नदी. हॉबिट लोकांच्या तोंडी त्याचे झाले ब्रँडीवाइन. आपण बडोदेकरांना यात नवल वाटू नये. आपण बडोदे म्हणतो, शेजारी वडोदरा म्हणतात, इंग्रज बरोडा म्हणून गेले. गाव तेच, जीभ वेगळी.

आता मुख्य गोष्ट सांगतो. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला आलेला पूर आपण सर्वांनी भोगला. आमच्या भागात पावसाचा जोर ओसरला तेव्हा सोसायटीतले लोक हुश्श करून चहाला बसले. नातू मात्र खिडकीतून पाणी बघत होता. म्हणाला, "आजोबा, आयसेन नदीचं पाणी एंटांनी वर अडवून ठेवलं आणि मग आयसेनगार्डवर सोडलं. इथेही पावागढकडचं आणि आजव्याचं पाणी अजून यायचंच असेल ना?" मी म्हणालो, "बरोबर. इथला पाऊस थांबला म्हणजे वरचं पाणी थांबलं असं नाही." तो उठलाच. तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींना आम्ही वर आणले. मग त्यांची औषधे, धान्याचे डबे, गादी, देवघरातले देव, सारे जिन्याने वर चढवले. सूनबाईही पदर खोचून लागल्या. रात्री आजींच्या घरात मांडीपर्यंत पाणी होते.

त्या मुलाने विश्वामित्रीचा नकाशा कधी पाठ केला नव्हता. नदी कशी वागते हे त्याला गोष्टीतून कळले होते, आणि गोष्टीतली नदी नियमाने वाहत होती म्हणूनच ते ज्ञान इथे चालले. पूर ओसरल्यावर मी त्याला आपल्या नदीचा नकाशा दाखवला, तेव्हा तो स्वतः भिंग घेऊन बसला. अमरकंटकही आता त्याला आठवते.

पालकांना एवढेच सांगणे की, मुलांच्या हातातून असे पुस्तक काढून घेऊ नका. त्यांच्याशेजारी बसून विचारा, ही नदी कुठून येते? या गावाला पाणी कुठून मिळते?

विश्वस्त मंडळाला एक नम्र विनंती. दरवर्षी चित्रकला स्पर्धेसोबत एक नकाशा स्पर्धाही ठेवावी. देश प्रत्येकाने आपल्या मनचा काढावा, पण नदी उताराने वाहिली पाहिजे आणि दोन गावांतले अंतर किती दिवसांचे ते लिहिले पाहिजे. नकाशे तपासायला मी येईन. भिंग माझे, चहा शाळेचा!