विहिरीचे थर आणि घराची जागा



सोयाबीनची रास झाली, हरभऱ्याला अजून वाफसा नाही. दोन दिवस हात मोकळे आहेत म्हणून लिहितोय. आज पिकाचं नाही, पण जमिनीचंच आहे.

थोरल्याला घर बांधायचंय. रस्त्याला लागून ओढ्याकाठचं आमचं भारी रान आहे, तिथं त्यानं फक्की टाकून आखणीसुद्धा केली. खाली बैठक, वर दोन खोल्या. मी म्हणालो, "इथं नको. वर माळावर बांध." तो म्हणाला, "अण्णा, माळावर ना रस्ता ना पाणी. तुमचं काहीतरीच असतंय." त्या दिवशी मला त्याला नीट सांगता आलं नाही. आता बसून सांगतो.

आमचं गाव किल्लारीपासून पंधरा-वीस किलोमीटरवर. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या आत भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक दमून झोपलेले. मी तेव्हा तेवीस वर्षांचा. आमचं घर वरच्या आळीला, चुलत्याचं खालच्या आळीला ओढ्याजवळ. दोन्ही घरं एकाच गवंड्याच्या हातची. दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडी भिंती मातीत रचलेल्या, वर माळवद. आमच्या भिंतीला चिरा पडल्या, एक कोपरा ढासळला, पण आम्ही सगळे बाहेर आलो. चुलत्याचं घर सगळंच बसलं. चुलती गेली. आम्ही हातानं माती उपसली. उजाडलं तेव्हा ती सापडली.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच प्रश्न. दगड तोच, गवंडी तोच, अंतर चारशे पावलं. मग असं का? गावात कुणी नशीब म्हणालं, कुणी आणखी काही. मीही गप्प बसलो.

गेल्या उन्हाळ्यात एका कॉलेजची पोरं त्यांच्या सरांबरोबर आमच्या शिवारात आली होती. जमिनीत खिळ्यासारखी यंत्रं एका ओळीत रोवायची, लोखंडी पाटीवर घण मारायचा आणि हादरा किती वेगानं पळतो ते संगणकावर बघायचं. ओढ्याकाठी मोजलं, माळावर मोजलं. मी सरांना म्हणालो, "ओढ्याकाठी पंचवीस फुटांवर मुरूम लागेल बघा." त्यांचाही आकडा जवळपास तेवढाच आला. ते म्हणाले, "तुम्हाला कसं माहीत?" म्हटलं, "साहेब, तिथली विहीर मीच खांदलीय."

आमच्या विहिरीत वरून आधी काळी, मग पिवळी चिकण माती आणि ओढ्याचा गाळ, असं पंचवीस फूट. मग मुरूम, त्याच्याखाली काळा पाषाण. माळावर मात्र तीन फुटांवर कुदळ खणखणती. हेच दोन थर म्हणजे माझ्या तीस वर्षांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर होतं.

सरांनी सांगितलेलं मी माझ्या भाषेत सांगतो. घट्ट काळ्या पाषाणातून भूकंपाची आडवी हलवणारी लाट सेकंदाला दीड-दोन हजार मीटरच्याही वर पळते. मऊ ओल्या मातीत आली की तीच लाट सेकंदाला दीडशे-दोनशे मीटरवर येते. सिमेंटच्या चारीतलं पाणी जोरात येतं आणि पुढं गवतानं भरलेल्या मातीच्या चारीत शिरलं की वेग मंदावतो, पाणी फुगतं, काठावरून जातं. लाटेचंही असंच. वेग कमी झाला की हेलकावा मोठा होतो. म्हणून एकच भूकंप खडकावर कमी आणि मातीवर जास्त जाणवतो.

दुसरी गोष्ट झोक्याची. पंचमीचा झोका आपल्या लयीत धक्का दिला की चढत जातो, भलत्या वेळी दिला की अडतो. मातीच्या थराची अशी एक लय असते, घराचीही असते. हिशोब सोपा आहे. थराच्या जाडीला चारनं गुणायचं आणि त्यानं लाटेच्या वेगाला भागायचं. आमचा थर २५ फूट, म्हणजे साडेसात मीटर. चारनं गुणलं की तीस. वेग दीडशे धरला तर १५० भागिले ३०, म्हणजे ५. ती जमीन सेकंदाला पाच झोके घेणारी. घराचं ढोबळ गणित असं की मजल्यामागे सेकंदाचा दहावा भाग. दोन मजली घराला एका झोक्याला दोन दशांश सेकंद, म्हणजे सेकंदाला पाचच झोके. पोरानं नेमकं जमिनीच्या लयीत बसणारं घर आखलं होतं!

हे फक्त आपल्याकडचं नाही. १९८५ ला मेक्सिकोत भूकंप झाला तो समुद्रकिनाऱ्याकडं, पण साडेतीनशे किलोमीटरवरची राजधानी पडली. ते शहर जुन्या तळ्याच्या चिखलावर वसलंय. तिथला मऊ थर जाड, म्हणून सावकाश झुलला आणि उंच इमारतींना त्याचा फटका जास्त बसला. २६ जानेवारी २००१ ला भूज हादरलं तेव्हा दोनशे किलोमीटरपेक्षा लांब अहमदाबादेत, साबरमतीच्या गाळावर, बहुमजली इमारती कोसळल्या. म्हणून आता शहरांचे असे नकाशे करतात, कुठल्या भागातली जमीन किती आणि कशी हलेल याचे. जबलपूरला १९९७ च्या भूकंपानंतर केला, दिल्लीचाही झालाय. खेड्यांचा नंबर लांब आहे.

आता उरलेलं अर्धं उत्तर, नाहीतर माझ्या लिहिण्याचा उलटा अर्थ निघेल. किल्लारीच्या भूकंपात जवळजवळ दहा हजार माणसं गेली, ती मुख्यतः घरामुळं. मातीत रचलेले गोल दगड, भिंतीच्या दोन थरांना बांधणारा आडवा दगड नाही, आणि डोक्यावर दर पावसाळ्याआधी वाढत गेलेला मातीचा बोजा. असं घर खडकावरही पडतं. किल्लारीला नंतर शास्त्रज्ञांनी ६१७ मीटरचं बोअर घेतलं. ३३८ मीटर काळा पाषाण, मग आठेक मीटर जुना गाळ, आणि खाली त्याहून कितीतरी जुना खडक. एवढा कातळ खाली असूनही वर काय झालं ते आपण बघितलंय. माझ्या दोन घरांवरून शास्त्र ठरत नाही, हेही मला कळतं. पण आधीच कच्चं घर आणि खाली हेलकावा वाढवणारी माती, हे दोन्ही एकत्र नको.

थोरला म्हणाला, "पाया मुरमापर्यंत नेऊ." दोन-चार फुटांवर मुरूम असता तर मीही तेच म्हणालो असतो. काळी उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, त्यापासून तरी घर वाचतं. पण पंचवीस फूट पाया आपल्या खिशाचा नाही, आणि भोवतालची माती हलायची ती हलणारच.

आबा ८४ वर्षांचे आहेत. सगळं ऐकून ते म्हणाले, "काळी पोट भरायला दिलीय, तिच्यावर झोपायला नाही." थोरला मग काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन माळावर गेला. आखणी आता तिथं आहे, पण कडेपासून आत सरकवून, कारण उताराच्या अगदी टोकालाही हादरा वाढतो. रस्त्याला मुरूम टाकायचा आणि पाइपलाइन ओढायची, म्हणजे खर्च वाढला. दीड एकर सोयाबीनचे पैसे त्यातच जातील. घरात थोडी कुरकुर आहे, ती मी ऐकून घेतोय.

तुमच्यासाठी एवढंच. घराला जागा बघताना जवळच्या विहिरीत उतरा, किंवा बोअरवाल्याला विचारा. माती किती फूट, मुरूम कितीवर, खडक कितीवर, वहीत लिहा. भराव टाकून बुजवलेला ओढा किंवा जुनी खाण असेल तर ती जागा सोडाच. घर कुठंही असो, कॉलम-बीम एकमेकांत नीट बांधा. भिंतीचं घर असेल तर जोत्यावर, दारा-खिडक्यांच्या वर आणि छताखाली सलग काँक्रीटची पट्टी घ्या. आणि विहीर खांदणारी म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांना विचारून घ्या. आपल्या गावचा नकाशा त्यांच्याच डोक्यात आहे.

मी आमच्या शिवारातल्या अकरा विहिरींचे थर लिहून काढलेत. चुलत्याच्या पडक्या जागेजवळच्या आडाचेही लिहिले. बावीस फूट माती.

चुलतीला हे सांगायला फार उशीर झाला. तुम्हाला अजून वेळ आहे.