एका शब्दाचा मसुदा

संगणकाच्या भाषेशी आम्हा मराठीच्या प्राध्यापकांचा संबंध काय, असे कुणीही विचारावे. परंतु संगणक विभागातील सहकाऱ्याने 'जावा'मधील एका शब्दाची हकिकत सांगितली आणि आम्ही त्यात गुंतलो.

मार्च २०१९मध्ये जावाच्या १२व्या आवृत्तीत 'स्विच'चा नवा प्रकार 'प्रिव्ह्यू' म्हणून आला. असा प्रकार आपोआप चालत नाही, मुद्दाम सुरू करावा लागतो. तो बदलू शकेल, हे आधीच सांगितलेले असते. त्यात 'ब्रेक' हा जुना शब्द दोन कामांना जुंपला होता : थांबणे, आणि उत्तर हाती देणे. वापरणाऱ्यांनी कळवले की याने घोटाळा होतो. सप्टेंबरातील १३व्या आवृत्तीत दुसऱ्या कामासाठी 'यील्ड' आला आणि मार्च २०२०मध्ये तोच कायम झाला. एका शब्दासाठी वर्षभर! (कोशकारांनाही हेवा वाटावा.) 'स्ट्रिंग टेम्प्लेट्स' तर २१व्या आणि २२व्या आवृत्तीत दाखवून २३व्यात चक्क मागे घेतले गेले.

आम्हीही एकदा अभ्यासक्रमाच्या मसुद्यावर सूचना पाठवल्या होत्या. चार पाने, सहीनिशी. मसुदा जसाच्या तसा छापून आला. तो निर्णयच होता, वर फक्त 'मसुदा' असे लिहिले होते.

पण परीक्षेच्या आदल्या आठवड्यात 'शिकवणे कसे वाटले?' असे विचारणारे आम्ही तरी वेगळे कुठे? तेव्हा बदलण्याजोगे काहीच उरलेले नसते. यंदा दुसऱ्याच तासाला आम्ही कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. बहुतेकींत एकच वाक्य होते : मागच्या बाकांपर्यंत ऐकू येत नाही.